सीडी अडकलेली नव्हती

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासवरचा लेख वाचला. काल दिवसभर म्हणलं जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय, पण आज सकाळी चहाला बसलो तर परत तेच पान समोर अन् मग राहवेना म्हणून लिहायलोय. पहिलं तर तुमचं अभिनंदन, कारण तुमच्या पेपरात नट्यांच्या एअरपोर्ट लुकच्या शेजारी या माणसाचा फोटो येईल असं या जन्मात वाटलं नव्हतं. पण अर्धा लेख तो टॅक्सी कशी चालवायचा अन् नळाची कामं कशी करायचा यातच घालवला राव. चालवायचा टॅक्सी, कोण नाही म्हणतंय. 1976 ला त्याचा 'आइन्स्टाइन ऑन द बीच' हा ऑपेरा (म्हणजे तिकडचं संगीत नाटक) न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात झाला अन् त्यानंतरही साहेब टॅक्सीवरच होते. पण मग तो लिहितो काय, ते वाजतं कसं, हे वाचणाऱ्याला कळायला नको का? त्याबद्दल एवढंच की अडकलेल्या टेपसारखं. अन् तेच हेडिंगला.

हा विनोद मला नवा नाही. परभणीतच ऐकलाय, भर कार्यक्रमात.

इथल्या एका संस्थेचा (नाव लिहीत नाही, गाव लहान आहे) गांधी जयंतीचा कार्यक्रम होता. दरवर्षी तीच दोन भजनं होतात म्हणून मलाच म्हणले, सर यंदा काहीतरी वेगळं आणा. आणलं. ग्लासच्या 'सत्याग्रह' ऑपेरातलं शेवटचं गाणं, न्यूयॉर्क सिटी ऑपेराच्या मंडळींनी केलेलं 1985 चं रेकॉर्डिंग, डग्लस पेरी गांधीजी झालाय. दोन मिनिटं बोललो पण, की हा ऑपेरा 1980 ला हॉलंडमधे रॉटरडॅमला पहिल्यांदा झाला, गोष्ट दक्षिण आफ्रिकेतल्या गांधीजींची आहे, तीन अंकांना टॉलस्टॉय, टागोर अन् मार्टिन ल्युथर किंग यांची नावं आहेत, आणि गातात ते सगळंच्या सगळं संस्कृतात, भगवद्गीतेतलं. टाळ्या पण पडल्या. संस्कृत म्हणलं की पडतातच.

मग गाणं सुरू झालं. त्यात गांधीजी एकटे गातात, चौथ्या अध्यायातलं, बहूनि मे व्यतीतानि जन्मानि तव चार्जुन, ते पुढं संभवामि युगे युगे पर्यंत. चाल म्हणाल तर एकच, खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत सरळ चढायचं, परत खाली यायचं, परत चढायचं. अन् ते स्वर ऐका हो, रे ग ध नी चारही कोमल. म्हणजे काय झालं? भैरवी! थाट, म्हणजे स्वरांचा साचा, तरी भैरवीचाच. आपल्याकडं मैफल भैरवीनं संपते अन् या अमेरिकन माणसाचा तीन अंकांचा ऑपेरा त्याच सुरांवर संपतो, जाणून केलं असेल नसेल पण माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो. वाद्यमेळात ढोल नाही, ताशा नाही, पितळी वाद्यं नाहीत, व्हायोलिनचं घराणं, बासऱ्या-क्लॅरिनेट वगैरे आणि ऑर्गन, बस. वरची ओळ तीच राहते, खालची साथ कुठं भरते कुठं विरळ होते ते ऐकायचं असतं.

ते ऐकू दिलं तर ना. ओळ चार-पाच वेळा झाली असेल नसेल, मागून आवाज आला, सर सीडी अडकली! हॉल हसला. साउंडवाल्या पोरानं प्लेअरला चापट मारली. अध्यक्ष माझ्याकडं बघायलेत, मी हातानं सांगायलोय की अडकली नाही, असंच आहे, चालू द्या. तोवर पोरानं सीडी काढून शर्टाला पुसली, परत घातली, अन् परत तीच ओळ लागल्यावर तर जास्तच हसले लोक. शेवटी सीडी माझ्या हातात दिली अन् कुणाच्या तरी मोबाईलवरून नेहमीचं भजन लावलं. आभारप्रदर्शनात तांत्रिक अडचणीबद्दल दिलगिरी व्यक्त झाली. तांत्रिक अडचण म्हणजे मी.

आता गंमत सांगतो. "सीडी अडकली" म्हणणारे गृहस्थ उत्तम पेटी वाजवतात. तबल्याच्या विशारद परीक्षेला पोरांना लेहरा, म्हणजे तबल्याखाली फिरत राहणारी एकच सुरावट, धरायला तेच असतात. चंद्रकंस रागाचा लेहरा, तीनताल, सोळा मात्रा, तोच तो तोच तो अर्धा अर्धा तास, अन् कुणी म्हणत नाही की मास्तर तुमची पेटी अडकली. कारण तिथं सगळ्यांना माहीत असतं की लेहरा जागेवर आहे म्हणूनच तबला कुठं जातोय ते दिसतं. एवढी समज आपल्या कानाला आधीच आहे हो, ती फक्त गोऱ्या माणसाचं नाव दिसलं की पळून जाते.

अन् लेखात जे यायलाच पाहिजे होतं ते हे, की ग्लासनं हे शिकलं कुणाकडून. 1960 च्या दशकात तो पॅरिसला नादिया बुलांजे या संगीत शिकवणाऱ्या बाईंकडं शिकत होता, तेव्हा एका सिनेमाच्या कामात पंडित रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य वादकांसाठी नोटेशनमधे उतरवायची नोकरी त्याला मिळाली. तो आपल्या सवयीनं रेघा मारून मात्रांचे तुकडे पाडायचा, अन् बाजूला बसलेले तबल्याचे उस्ताद अल्लारखा दरवेळी चूक म्हणायचे, सगळे स्वर सारखे आहेत म्हणायचे. वैतागून त्यानं सगळ्या रेघाच पुसून टाकल्या, तेव्हा त्याला दोन अन् तीनच्या गटांचं आवर्तन दिसलं. तिथून त्याची पद्धत सुरू झाली, छोटा तुकडा घ्यायचा, एक स्वर वाढवून परत म्हणायचा, परत एक वाढवायचा किंवा काढायचा. म्हणजे जे तुम्हाला तेच ते वाटायलंय ते तेच नसतंय! 1968 ची त्याची '1+1' नावाची रचना आहे, त्यात वाद्यच नाही, माईक लावलेल्या टेबलावर एका माणसानं बोटं वाजवायची. शाळेत मागच्या बाकावर आपण सगळे हेच करायचो अन् मार खायचो. पुढं 1990 ला रविशंकर अन् ग्लासनं मिळून 'पॅसेजेस' नावाची ध्वनिमुद्रिका काढली, एकानं सुरावट द्यायची अन् दुसऱ्यानं त्यावर रचना करायची असा प्रकार. त्यात एका तुकड्याचं नावच 'सधनिप' आहे. हे सगळं सोडून तुम्ही नळ दुरुस्तीवर रकाना भरला.

ज्यांना आता ऐकायचंय त्यांनी एकदम ऑपेरात पडू नये. 1982 ची त्याची 'ग्लासवर्क्स' ही ध्वनिमुद्रिका घ्या, सहा छोटे तुकडे आहेत, पहिला नुसता पियानो. मग 'पॅसेजेस'. मग 'सत्याग्रह'चा तिसरा अंक, रात्री, हेडफोन लावून. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून मला फोन करू नका.

बाकी संपादक म्हणून तुम्हाला आवडंल असं एक सांगतो, 'सत्याग्रह'च्या दुसऱ्या अंकात एक अख्खा प्रवेश गांधीजींच्या 'इंडियन ओपिनियन' या वर्तमानपत्राचा आहे. अन् लंडनला 2007 साली जो प्रयोग बसवला, तोच पुढं न्यूयॉर्कला गेला, त्यात स्टेजवर पेपरच्या कागदाचे मोठाले पुतळे केले होते. तुमच्या पुरवणीचा एवढा चांगला उपयोग आमच्या घरी अजून झालेला नाही. जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणून आपण मिरवतो, तर तिकडं जर्मनीत स्टुटगार्टला 1984 मधे याच माणसाचा 'अखनातेन' हा ऑपेरा पहिल्यांदा झाला, परभणीनं निदान पाच मिनिटं गप बसून ऐकावं एवढंच म्हणणं आहे.

जाता जाता. लेखाच्या शेवटी "उर्वरित मजकूर पान 6 वर" असं छापलंय. पान 6 वर आमच्या भागातल्या एका भाऊंच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आहे, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साईज फोटो. पुण्याच्या भाच्याला विचारलं तर तिकडच्या आवृत्तीत उर्वरित मजकूर आहे म्हणे. पेपरचे पैसे आम्ही कमी देतो का? दर वेळी मराठवाड्याचंच पान का कापता? तो राहिलेला भाग तेवढा येत्या रविवारी छापा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. कदाचित अल्लारखा पान 6 वर असतील, तसं असेल तर वरचं अर्धं भांडण मी मागं घेतो. हेडिंगचं नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार, परभणी