बुरानोहून आल्यावर

प्रिय मित्रा,

फोनवर नुसतं "निवांत बोलू" चाललंय आपलं, म्हणून आज लिहायलाच बसलो. रविवारी बुरानोला गेलो होतो, व्हेनिसजवळचं छोटं बेट, रंगीत घरं आणि दारादारात दोरीवर कपडे वाळत घातलेले. ओहोटी लागली होती, कालव्यात पाणी कमी आणि गल्लीभर कपड्यांच्या कंडिशनरचा वास. आधी छान वाटलं रे, मग वाचलेलं आठवलं आणि मन खट्टू झालं.

इथल्या का फोस्कारी युनिव्हर्सिटीवाल्यांनी 2015 मधे ह्याच कालव्यांचं पाणी तपासलेलं, साबण-सेंटमधली 17 सुगंधी केमिकल्स शोधत होते, तर बुरानोत ओहोटीच्या वेळी प्रमाण जवळजवळ गटाराच्या पाण्याइतकं निघालं, आणि वस्तीपासून लांबच्या पाण्यातही थोडं होतंच. जुन्या व्हेनिसला धड ड्रेनेज नाही, बरंचसं सांडपाणी कालव्यातच जातं आणि भरती-ओहोटी ते वाहून नेते. पण सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट असला तरी सुटका नाही, साबण-कंडिशनरमधे गॅलॅक्सोलाइड म्हणून जो कस्तुरीसारखा कृत्रिम वास, म्हणजे मस्क, घालतात तो काही गाळात बसतो, काही तसाच पुढे जातो. धुतल्यावरही कपड्याला चिकटून राहावा म्हणूनच तो वापरतात ना, मग पाण्यात गेल्यावर तो लगेच कसा विरघळून संपेल? चरबीत मुरतो, मासळीत सापडतो. जपानमधे तामा नदीच्या माशांत असेच दुसरे कृत्रिम मस्क 1981 लाच सापडले होते.

मला सगळ्यात लागलं ते शिनाण्यांचं, खडकाला चिकटलेल्या त्या शिंपल्यांचं. कॅलिफोर्नियात 2005 ला प्रयोग छापून आला. शिनाण्यांच्या कल्ल्यांतल्या पेशींत विष बाहेर फेकणारे पंप असतात, ते ह्या मस्कने अडतात, आणि नंतर स्वच्छ पाण्यात ठेवलं तरी एक-दोन दिवस नीट चालत नाहीत. म्हणजे मस्क स्वतः फार जहरी नसला तरी दुसरं विष आत राहायची सोय करून देतो, आणि हे बाटलीवर कुठे लिहिणार, तिथे नुसतं "परफ्यूम".

तेव्हा तुझा होमस्टे डोळ्यासमोर आला, रोजच्या त्या चादरी, आणि मागची खाडी जिथे आपण गुडघाभर पाण्यात शिनाणे काढायचो. ते कंडिशनर बंद कर रे, उन्हात वाळलेल्या चादरीचा वास पाहुण्यांना आवडतोच. आणि तुझ्या मशीनचं पाणी शोषखड्ड्यात जातं की सरळ खाडीत, एवढं बघून मला कळव.

तुझाच