'धा' वाजला की 'ना' ऐकू येतो: स्पीकरच्या जोडीबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय: एका स्पीकरची आतली जोडणी उलटी असल्याने जोडी बदलून मिळण्याबाबत

महोदय,

गणपतीच्या आधी लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून मी तुमचे बुकशेल्फ स्पीकर 38,000 रुपयांना घेतले. बिल सोबत जोडलं आहे. दादरला घरच्या 10 बाय 12 च्या खोलीत मी तबल्याची शिकवणी घेतो. रेकॉर्डिंग ऐकताना वादक समोर बसलाय असं मुलांना वाटावं, एवढ्यासाठीच हा खर्च केला. दुकानातली जोडी तशी वाजतही होती. गाणं बरोबर दोन खोक्यांच्या मधून यायचं, मागे तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, वेगळी कळायची.

घरी आलेल्या सीलबंद जोडीत गाणं एका जागी ठरतच नाही. तबल्याची चाट, म्हणजे काठावरचा टणक आवाज, येते, डग्ग्याचा घुमार मात्र गायब. 'धा' म्हणजे तबल्यावरचा 'ना' आणि डग्ग्यावरचा 'गे' एकत्र. इथे नुसता 'ना' उरतो. शिकणाऱ्या मुलाला यातून काय ऐकवू?

हेल्पलाइनला तीनदा फोन केला. आधी म्हणाले, 100 तास वाजू द्या. मग खोली लहान आहे. मग सबवूफर, म्हणजे खर्जासाठी वेगळा स्पीकर, घ्या. अहो, याच खोलीत खरा डग्गा रोज घुमतो!

शेवटी मीच तपासलं. तारा काढल्या आणि 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टर्मिनलला टेकवला, प्लसला प्लस, मायनसला मायनस. डाव्या स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, बाहेर आला, उजव्याचा आत गेला. एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, मग खर्ज उरणार कुठून? उजव्याच्या तारा मुद्दाम उलट्या लावल्या, तर घुमार परत आला, गाणंही मधोमध येऊन बसलं. दोन्हींचे व्हिडिओ पाठवत आहे.

'मग तसंच वापरा की,' असं तुमच्या माणसाने सुचवलं. मला ते मान्य नाही. जो स्पीकर न तपासताच बाहेर पडला, त्यात आणखी काय चुकलंय हे मला कसं कळणार? उघडून पाहिलं तर वॉरंटी जाईल.

मला एक खोकं नको, तपासलेली नवी जोडी हवी, आणि ने-आण तुमच्या खर्चाने. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन. आणि फोनवर बसणाऱ्यांना ही सेलची चाचणी शिकवा. दोन मिनिटांचं काम आहे, माझे दोन महिने गेले.

आपला,
एक तबला शिक्षक
दादर, मुंबई