नावं माहीत नाहीत, पण आभार मानायचेच आहेत

लेकीचा खोकला दमा म्हणूनच चालला होता, पंप, नेब्युलायझर, मग परत उजव्या बाजूलाच न्यूमोनिया आणि परत अँटिबायोटिक. ओपीडीतल्या त्या ज्युनियर डॉक्टर ताई, तुम्ही दोन्हीकडे स्टेथो लावून म्हणालात "शिट्टी एकाच बाजूला वाजतेय, सीटी स्कॅन करून घ्या" आणि तिथनं सगळं फिरलं. दुर्बिणीतून श्वासनलिकेत गुळगुळीत, गुलाबीसर गाठ दिसली. कार्सिनॉइड, म्हणजे हळूहळू वाढणारा कॅन्सरचाच एक प्रकार! शाळकरी पोरीला असलं काही होतं हेच आम्हाला नवीन. ही गाठ पटकन रक्त सोडते म्हणे, म्हणून ऑपरेशनआधी रक्ताची सोय करायची होती, तेव्हा ब्लड बँकेत येऊन गेलेल्या कॉलेजच्या पोरांनो, थँक्यू रे. सर्जन सरांनी नळीचा तेवढाच भाग कापून टोकं जोडली, फुफ्फुस वाचलं, केमोची गरज पडली नाही.

आणि वॉर्डातल्या मावशी! उशी छातीशी धरून खोकायला तुम्ही शिकवलंत, श्वास ओढून तीन बॉल वर उचलायच्या त्या स्पायरोमीटरवर तिच्याशी पैजा लावल्यात (मुद्दाम हरत होतात, कळत होतं आम्हाला). फॉलोअपला येतो तेव्हा तुमची ड्युटी नसते, कुणाला माहीत असेल तर निरोप द्या.