छापायच्या आधी वाच

प्रिय सुलू,

तुझी दोन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही. रागावली असशील, रागाव. गुडघा बरा आहे. पण तुझ्या शिक्षक-प्रशिक्षणाचं वेळापत्रक पाहिलं आणि राहवेना. दोन दिवसांत अपंग मुलांसाठीची अकरा साधनं?

आठ काढून टाक. सकाळी खोकी उघडूच नकोस. प्रत्येक शिक्षकाला आधी विचार: मूल कोणतं, वर्गात कुठे बसतं, कोणत्या कामाशी अडतं? साधन कसं निवडायचं याच्या जॉय झबालांच्या चौकटीतही आधी मूल, परिसर आणि काम येतं, साधन शेवटीच.

एनव्हीडीए ठेव, न दिसणाऱ्या मुलाला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं ते सॉफ्टवेअर मोफत आहे. पण शॉर्टकटांची यादी पाठ करून घेऊ नकोस. तीन पुरेत: इन्सर्ट आणि खालचा बाण म्हणजे सलग वाचन, कंट्रोल म्हणजे गप्प, वेबपानावर एच म्हणजे पुढचं शीर्षक. खरी गोची फाइलमध्ये असते. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र, त्यात वाचण्याजोगं अक्षरच नसतं. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधलं मराठी डोळ्यांना नीट दिसतं, पण आत भलतीच अक्षरं साठवलेली असतात, म्हणून कानावर अर्थहीन बडबड येते. शीर्षक नुसतं ठळक केलं तर एच दाबून सापडत नाही, हेडिंग स्टाइलच लावावी लागते. तेव्हा प्रत्येकाला आपली उद्याची कार्यपत्रिका घेऊन यायला सांग.

शिक्षकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्यावरून आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. नीताताई तुझ्या बाजूने, ठाऊक आहे. पट्टी बांधली की माणूस घाबरतो, मग त्याला कीव येते, आणि मुलाने सरावाने कमावलेलं कसब त्याला दिसतच नाही. त्याऐवजी एनव्हीडीएचा स्क्रीन कर्टन लाव. पडदा काळा होतो. शिक्षकाने स्वतःचीच कार्यपत्रिका ऐकून सोडवायची. अडला की चूक फाइलमध्ये कुठे आहे ते तिथल्या तिथे कळतं. घे, अर्धी पट्टी तुझी!

संवादफलकाला, म्हणजे बोलता न येणारं मूल चित्रं दाखवून बोलतं त्या फलकाला, मात्र अर्धा दिवस दे. शिक्षक फलक पुढे करून "दाखव, पाणी कुठे आहे?" विचारतात. ही परीक्षा झाली, संवाद नव्हे. आपणच बोलता बोलता "अजून", "नको", "थांब" या चित्रांवर बोट ठेवत जायचं, मुलाने काही दाखवलं नाही तरी. मग गप्प राहून मनात दहापर्यंत मोजायचं. हेच सगळ्यांत जड जातं, पाचावरच कुणीतरी मुलाचं उत्तर देऊन टाकतं. जोड्या करून सराव घे. चित्रांच्या जागा हलवू देऊ नकोस, हाताला त्या पाठ होतात. नवा शब्द रिकाम्या चौकटीत घालायचा. आणि शिक्षा म्हणून फलक कपाटात ठेवणं म्हणजे मुलाचं तोंड दाबणं, हे स्पष्ट बोल. मला याचा फार राग येतो.

स्विचचं, म्हणजे पर्याय निवडायला मूल दाबतं त्या बटणाचं, थोडक्यात: मूल दाबत नसेल तर आधी स्विचची जागा आणि स्कॅनिंगचा, म्हणजे पर्याय एकेक करून पुढे सरकण्याचा, वेग तपासायचा. मुलाला दोष नंतर.

आणि तिसऱ्या दिवसापासून पुढे काय? वेळापत्रकात तो रकानाच नाही. पहिल्या आठवड्यातच वर्गात जाऊन बस. चार्जिंग कोण करणार, पासवर्ड कुणाकडे, बाई रजेवर असल्या तर कोण, ही नावं कागदावर लिहून घे.

आईंचं ऑपरेशन कधी? प्रमोदचा निकाल कळव. वेळापत्रक बदललंस की लगेच पाठव, त्याच दिवशी वाचते.

तुझी,
मीना