पुठ्ठ्याचा चेक परत घेतला साहेब, खरा कधी देता? : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य.

सादर नमस्कार.

आपण खूप बिझी असता याची कल्पना आहे म्हणून आधी कामाचं सांगते. मी नागपूरची. बीएस्सी झाली, आता एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, आणि डिग्रीत असताना रासेयोची म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका होती. मागच्या वर्षी विद्यापीठाचा उत्कृष्ट स्वयंसेविका पुरस्कार मला जाहीर झाला. कोणत्या विद्यापीठाचा ते लिहीत नाही, नाव लिहिलं तर तुमचं उत्तर यायच्या आधी माझा रिझल्ट विथहेल्ड व्हायचा. नागपुरात विद्यापीठं आता काही कमी नाहीत, कोणतं ते तुमच्या माणसांना शोधू द्या.

मानचिन्ह, प्रमाणपत्र आणि रोख दहा हजार रुपये, असं परिपत्रकात छापलेलं. स्टेजवर मला भलामोठा पुठ्ठ्याचा चेक दिला, प्रमुख पाहुण्यांनी एका बाजूने धरला, मी एका बाजूने, फोटो झाला, आणि मागच्या पायऱ्या उतरल्याबरोबर एका काकांनी तो माझ्या हातातून घेतला कारण पुढच्या पोराला तोच द्यायचा होता. नावाची जागा कोरीच होती त्याच्यावर. ठीक आहे बाप्पा, पुठ्ठा घरी नेऊन मी काय करणार होती. खरे पैसे खात्यात येतील म्हणाले, तर कॅन्सल्ड चेक, आधार, पॅन सगळं जोडून दिलं.

तेव्हापासून वाट पाहून राहिलो आम्ही. आधी सांगितलं बिल टाकलंय. मग ३१ मार्च निघून गेला, निधी लॅप्स झाला. मग जे साहेब पाहायचे त्यांची बदली झाली आणि नव्या साहेबांना फाइलच सापडेना. आणि आता गेल्या आठवड्यात एका खिडकीवर मला उत्तर मिळालं की "मॅडम ती रक्कम प्रस्तावित होती, मंजूर नव्हती." मी म्हटलं परिपत्रकात तर छापलंय, तर म्हणे छपाई वेगळी आणि मंजुरी वेगळी. मी तिथेच उभी राहून हसली साहेब, खरंच हसू आलं. मागे लाइनमध्ये मायग्रेशन सर्टिफिकेटवाले पोट्टे उभे होते ते पण हसले.

तर विनंती एवढीच की आम्हा सगळ्यांचे अडकलेले पैसे द्यायला लावा. माझ्यासोबतच्या कोणालाच मिळालेले नाहीत, मी फोन करून विचारलंय.

आता तुमच्या कार्यालयातलं कोणीतरी म्हणेल की रासेयो केंद्राची योजना आहे, २०१६ पासून पूर्ण पैसा केंद्र देतं, राज्याचा काय संबंध. संबंध आहे ना. विद्यापीठाचा पुरस्कार विद्यापीठ देतं आणि विद्यापीठं तुमच्या खात्यात येतात. राज्यस्तरीय पुरस्कार तर तुमचंच खातं देतं, त्यामुळे केंद्राकडे बोट दाखवायचं असेल तर आधी रासेयोत आम्ही काय बघितलं ते वाचून घ्या.

पुरस्कार मिळवायला काय लागतं माहितीये का? काम लागत नाही. फाइल लागते. रंगीत प्रिंट, स्पायरल बाइंडिंग, तीन प्रती, पेपरची कात्रणं, सरपंचाचं पत्र, प्राचार्यांचं पत्र, रक्तदानाचं सर्टिफिकेट, आणि प्रत्येक उपक्रमाचा जिओटॅग फोटो. जीपीएस मॅप कॅमेरा नावाचं ॲप आहे, त्यात फोटोखाली पत्ता, तारीख, अक्षांश-रेखांश सगळं येतं. ते नसलेला फोटो चालत नाही, आणि फोटो नाही तर तुम्ही तिथे नव्हताच. माझी फाइल बनवायला जेवढा खर्च आला त्यात आईचे पिको-फॉलचे कितीतरी दिवस गेले, ती मला कधी बोलली नाही पण मला दिसतं ना.

आता पुराचं ऐका. २३ सप्टेंबर २०२३, मध्यरात्रीनंतर चार तासात १०० मिमीच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घराघरात घुसली, मोरभवनला बसेस पाण्यात उभ्या होत्या, माणसं गेली. हे तुम्हाला आठवत असेल, तेव्हा सगळेच मोठे लोक येऊन पाहून गेले होते. मी फर्स्ट इयरला होती, रासेयोत नाव टाकून जेमतेम काही दिवस झालेले. कोणी बोलावलं नव्हतं, आमच्या ग्रुपवर एका सीनियर दादाने टाकलं की डागा लेआउटकडे चला, फावडी असतील तर आणा, आणि आम्ही गेलो. गुडघ्याएवढा गाळ, त्यात फ्रिज, सोफे, कोणाच्या लग्नाचे अल्बम, एका आजींच्या घरी तर गव्हाची कोठी उलटी झालेली आणि त्या दाराशी बसून फक्त म्हणत होत्या की तो गहू तेवढा उचला रे. तो गहू ओला होऊन गाळात मिसळला होता, तरी आम्ही हाताने वेचला, काहून वेचला माहीत नाही, उपयोग काहीच नव्हता. ग्लोव्हज नव्हते, गमबूट नव्हते. माझ्या तळपायात पत्रा गेला, टिटॅनसचं इंजेक्शन घेतलं आणि नंतर बोटांच्या मध्ये असा फंगस झाला की दिवाळीपर्यंत चप्पल घालून कॉलेजला जात होती. औषधं घरच्या पैशांची. स्वयंसेवकाचा विमा वगैरे काही असतो का हे मी नंतर विचारलं तर कॉलेजच्या बाबू लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

आणि दुसऱ्या दिवशी २४ सप्टेंबर, म्हणजे रासेयो दिवस! १९६९ मध्ये याच तारखेला ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, हे आम्हाला दरवर्षी भाषणात सांगतात म्हणून पाठ आहे. रविवार असून कॉलेजनं हॉलमध्ये कार्यक्रम ठरवलेला होता तो ठरल्याप्रमाणे झाला. बाहेर अर्धं शहर गाळ उपसून राहिलं आणि आत सेवेचं महत्त्व या विषयावर व्याख्यान. आमच्यातले काही जण तसेच चिखलाचे पाय घेऊन गेले कारण हजेरी होती. आता गंमत बघा, माझ्या पुरस्काराच्या फाइलमध्ये ते व्याख्यान धरलं, तीन तास, जिओटॅग फोटोसकट. पुराचं काम धरलं नाही. पुरावा नाही म्हणाले. गाळात हात घातलेले असताना फोन कोण काढणार होतं हो?

मग मला पुरस्कार कशाबद्दल मिळाला? मतदार जागृती रॅली, पथनाट्य, सेल्फी पॉइंट, योग दिन, आणि वृक्षारोपण. वृक्षारोपण म्हणजे त्याच त्या खड्ड्यात, मागच्या वर्षीचं रोप वाळलेलं होतं ते उपटून नवीन लावायचं, प्राचार्य झारी धरणार, आम्ही मागे उभे राहून हसणार. एप्रिल-मेमध्ये नागपूरचं ऊन ४५ च्या घरात जातं तेव्हा त्या रोपाला पाणी घालायला कोण जातं? तेव्हा परीक्षा असते. तरी मी मान्य करते की दीक्षाभूमीवर दसऱ्याला पाणी वाटायला जाणं आणि गणपतीत फुटाळ्यावर निर्माल्य गोळा करणं ही खरी कामं होती, तिथे माणसं होती समोर.

हे सगळं फोटोचं खूळ आलं कुठून तेही सांगते, कारण आमच्या सरांनीच एकदा चहाच्या टपरीवर समजावून सांगितलं. कॉलेजला नॅकची, म्हणजे कॉलेजं तपासून दर्जा देणाऱ्या संस्थेची, ग्रेड पाहिजे होती. नॅकच्या तिसऱ्या निकषात विस्तार कार्य म्हणजे कॉलेजबाहेरचं समाजाचं काम यायचं, किती उपक्रम घेतले, किती विद्यार्थी सहभागी, आणि त्याबद्दल पुरस्कार किती मिळाले, सगळ्याला मार्क. म्हणजे मला मिळालेला पुरस्कार हा माझा नाहीच मुळी, तो कॉलेजच्या पीडीएफमधला एक कागद आहे. त्यांचं काम फोटो निघाला तेव्हाच झालं, माझे दहा हजार आले काय नि नाही आले काय, कोणाला फरक पडतो!

त्या सरांबद्दल पण लिहू द्या, विषय निघालाच आहे तर. सर सीएचबीवर आहेत, तासिका तत्त्वावर. जेवढे तास शिकवाल तेवढे पैसे, तेही कधी सहा-सहा महिन्यांनी. सात दिवसांच्या शिबिराला आमच्यासोबत खेड्यात येऊन राहिले तर तेवढे तास बुडाले. कागदावर कार्यक्रम अधिकारी दुसरे आहेत, कायम नोकरीवाले, ते उद्घाटनाला आणि समारोपाला आले. राज्यात प्राध्यापकांच्या हजारो जागा रिकाम्या आहेत हे विधानसभेत दर अधिवेशनात कोणीतरी बोलतं, तुम्ही लोक उत्तर देता की भरती प्रक्रिया सुरू आहे. सुरू आहे म्हणता म्हणता आमचे सर चाळिशीला आले, त्यांचं लग्न होऊन नाही राहिलं.

शिबिराचं पण ऐकून घ्या. वर्षानुवर्षे शिबिराला माणशी ४५० रुपये मिळायचे, सात दिवसांचे. भागून पाहा, दिवसाला ६४ रुपये, त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा, सामान, गाडी. आता वाढवलेत म्हणतात, वाढवून किती वाढवले असतील? नागपुरात तर्री पोह्याची एक प्लेट आणि चहा घेतला की त्यातले अर्धे संपले. आमच्या शिबिरात रोज वरण-भात आणि आलू-वांग्याची पातळ भाजी, आणि शेवटच्या दिवशी पाहुणे आले तेव्हा जिलबी. गावातल्या बायांनी भाकरी आणि ठेचा आणून दिला म्हणून पोट्ट्यांचं निभलं. त्या सात दिवसांसाठी सीताबर्डीवरच्या एका दुकानातलं माझं पार्टटाइम काम गेलं, मालक म्हणाला समाजसेवा कर मग.

एक हिशोब केलाय. रासेयोत देशभरात ४० लाखांच्या आसपास पोरं आहेत म्हणतात. प्रत्येकाने वर्षाला १२० तास द्यायचे असतात. झाले ४८ कोटी तास. आठ तासांचा दिवस धरा, सहा कोटी दिवस. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती, त्या दराने १८७२ कोटी रुपये होतात. बरं निम्मे तास कागदावरचे असतात, मला माहीत आहे, मीही सह्या होताना पाहिल्यात, तरी ९०० कोटींच्या वर. एवढं काम फुकट घेता, आणि दहा हजाराला मंजुरी नाही? आणि आता तर नवीन शैक्षणिक धोरणात रासेयोला क्रेडिट आले म्हणून सगळ्यांचीच नावं टाकून राहिले, ज्याला एनसीसी आणि स्पोर्ट्स जमत नाही तो इकडे. वरून केंद्राच्या माय भारत पोर्टलवर नोंदणी करा, तिथे पण फोटो टाका. फावडी मात्र अजून आमच्या युनिटकडे नाहीत, शेजारच्या बांधकामावरून मागून आणावी लागतात.

माझा मामा तरुणपणी बाबा आमटेंच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेला होता, मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात. हाताला फोड घेऊन आला आणि अजूनही सांगत असतो. मी त्याला माझं मानचिन्ह दाखवलं तर त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, काम काय केलं ते सांग. मी पुराचं सांगितलं. साहेब, मला कधी कधी वाटतं पुरस्कार बंदच करून टाका, त्या सभागृहाच्या भाड्यात, शाली-श्रीफळात आणि पुष्पगुच्छात जेवढे जातात तेवढ्यात प्रत्येक युनिटला गमबूट येतील. पण मग वाटतं नाही, बंद काहून करायचे, जाहीर केलेत तर द्या! गरीब घरच्या पोरीला ते दहा हजार म्हणजे एका सेमिस्टरची सोय असते. शिष्यवृत्तीचं तर बोलूच नका, महाडीबीटीवर माझा अर्ज "अंडर स्क्रूटिनी" दाखवतो, कोण स्क्रूटिनी करतंय देव जाणे.

मंत्री बदलतात, कुलगुरू बदलतात, त्या खिडकीवरचा माणूस तेवढा बदलत नाही आणि त्याची पण चूक नाही, त्याला वरून जे सांगतात ते तो सांगतो. वरच्याला त्याच्या वरून. सगळ्यात वर कोण आहे ते एकदा आम्हाला दाखवा, आम्ही त्याच्याकडे कॅन्सल्ड चेक घेऊन जातो.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला तुम्ही नागपूरला याल. आम्ही काही मोर्चा वगैरे काढणार नाही, यशवंत स्टेडियमपासून निघून टेकडी रोडला बॅरिकेडसमोर बसायला आम्हाला परीक्षेमुळे जमणार नाही. पण विधानभवनात निवेदन द्यायला येऊ, तेव्हा पीएला पाठवू नका, स्वतः घ्या. तीनच गोष्टी आहेत त्यात: थकलेली पुरस्काराची रक्कम, कामावर असलेल्या स्वयंसेवकाचा विमा नि साधी सामग्री, आणि पुरस्कारासाठी फोटोऐवजी ज्यांच्याकडे काम केलं त्या माणसांना विचारून खात्री करणे. तिसऱ्याला एक रुपया लागत नाही.

आपली,
एक स्वयंसेविका, नागपूर

ता.क. हे लिहून राहिली तेवढ्यात युनिटच्या ग्रुपवर मेसेज आला, मला त्यातून अजून कोणी काढलं नाही. परवा कुठल्यातरी सभागृहात कार्यक्रम आहे, प्रत्येक युनिटने २५ स्वयंसेवक पाठवावे, पांढरा टी-शर्ट, सकाळी ८ ला हजर, पाण्याची बाटली स्वतःची आणावी. पाहुणे ११ ला येतील. मी ज्युनिअर्सना लिहिलं की जाऊ नका. त्यावर एकीने विचारलं, ताई किती तास धरतील?