डिझेलचा हिशोब कोण मागतं?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

काल तुमच्या पेपरात मोठ्या इमारतींच्या वीज-अहवालावरचा लेख वाचला. विषय चांगला घेतला, त्याबद्दल आभार, पण लिहिणाऱ्यांनी कधी एखाद्या बिल्डिंगच्या पॅनल रूममध्ये, म्हणजे मीटर-स्विचच्या खोलीत, पाय ठेवलाय का हे विचारल्याशिवाय राहवत नाही. 100 किलोवॅटच्या वरच्या सगळ्या इमारतींनी दरवर्षी वीजवापराचा अहवाल द्यायचा, असा लेखाचा सूर. अहो, 100 किलोवॅट कनेक्टेड लोड (जोडलेल्या सगळ्या उपकरणांची मिळून ताकद) किंवा 120 केव्हीए कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेली जास्तीत जास्त मागणी) ही रेष नवीन इमारत वीज वाचेल अशी कशी बांधायची त्या संहितेची आहे, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत भरायचं विवरण हे सरकारने नेमून दिलेल्या मोठ्या ग्राहकांचं. तुम्ही दोन्हीची खिचडी करून मोकळे झाले.

बरं ते सोडा. मालक लोक अहवाल देत नाहीत असं लेखात रडगाणं आहे. अहो देतील ना, दंडाची भीती दाखवली की धडाधड देतील, पण त्यात काय भरलंय ते बघणार कोण?

कागदावर काय भरतात त्याचा एक नमुना सांगतो. मी जळगावात एका ऑफिस कॉम्प्लेक्सचं मेंटेनन्स बघायचो. मालकांना गेटवर लावायला वीजबचतीचा स्टार पाहिजे होता. त्यात हिशोब सरळ असतो, वर्षाची एकूण युनिटं भागिले चौरस मीटर, येणारा आकडा जितका कमी तितके स्टार जास्त. बाहेरगावचा कन्सल्टंट आला, केबिनमध्ये एसी 18 वर करून बसला, बिलांचे मोबाईलवर फोटो काढले आणि अकाउंटवाल्याला एरिया विचारला. त्याने घरपट्टीच्या कागदावरचा सांगितला, बेसमेंटच्या पार्किंगसकट. मी म्हटलं साहेब पार्किंग धरायचं नसतं, आणि जनरेटरची वीज धरावी लागते, तर म्हणे "काका, तुम्ही लाईट बघा." बघतोच आहे बाबा, दुसरं काय करतोय!

आता समजा 6 लाख युनिटं आणि 4,000 चौरस मीटर, तर आकडा येतो 150. त्यात 2,000 चौरस मीटरचं पार्किंग घुसवलं की लगेच 100. एक बल्ब न काढता एवढी बचत! वरून जनरेटरची वीज हिशोबातून गायब. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला आणि दुपारी लाईट गेली की अख्खं कॉम्प्लेक्स डिझेलवर, पश्चिमेला सगळी काच, एसी बंद ठेवायची सोयच नाही. एक लिटरला तीन-साडेतीन युनिटं निघतात, किती तास चालला किती लिटर गेलं हे सगळं आमच्या लॉगबुकात लिहिलेलं असायचं. कन्सल्टंटला ते बुक दाखवू का म्हटलं तर आमचा वायरमन हसायला लागला, "डिझेलना हिशोब कोन मांगस आप्पा?" आणि खरंच कोणी मागितला नाही. मला बाहेर थांबायला सांगितलं, सह्या झाल्या, मीटिंगचा चहासुद्धा मला मिळाला नाही, असो.

माझं म्हणणं एवढंच आहे की अहवालावर मालकाची सही घ्या, ऑडिटरची घ्या, पण जो माणूस रोज मीटरचं रीडिंग घेतो त्याचीपण घ्या आणि लॉगबुकाची कॉपी सोबत जोडायला लावा. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा, त्यात 2022 ला दुरुस्ती पण झाली, तरी पॅनल रूममधल्या माणसाला काही विचारावं असं अजून कोणाला वाटत नाही.

आणि हो, लेखाच्या खाली "उर्वरित पान 7 वर" छापलं होतं. पान 7 वर कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाची पूर्ण पानाची जाहिरात आहे, त्यांना शुभेच्छा, पण उरलेला लेख कुठंय? सगळी पानं दोनदा चाळली, बायको म्हणे चष्मा बदला. निदान रविवारी तरी तो छापा.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स सुपरवायझर, जळगाव