येणाऱ्या बाळाच्या सुईबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. वहिनींची तब्येत छान आहे हे वाचून बरं वाटलं. पण दोन पानं तू आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूपासून बाळाला वाचवणाऱ्या निर्सेव्हिमॅबच्या इंजेक्शनवरच खर्ची घातलीस! "एवढ्याशा जिवाला ही नवी लस कशाला? आमचं बाळ काही अपुऱ्या दिवसांचं नसेल," असं तुझं म्हणणं.

एक तर ही लस नव्हे. लस दिली की शरीर आपली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, स्वतः बनवतं. त्याला वेळ लागतो, आणि तान्ह्या बाळाची ती यंत्रणा अजून कच्ची असते. आरएसव्ही नेमका याच वयात सर्वांत वाईट गाठतो. या इंजेक्शनात प्रतिपिंडं तयारच असतात. पोहायला येईपर्यंत पोराच्या पाठीला डबा बांधतात ना, तसं. डबा पोहायला शिकवत नाही, बुडू देत नाही एवढंच.

आणि धडधाकट बाळांचं म्हणशील, तर आरएसव्हीमुळे दवाखान्यात भरती होणारी बहुतेक बाळं पूर्ण दिवसांची, निरोगीच असतात. आपल्याला तो झाला तर पडसं म्हणून सोडून देतो. दोन वर्षांची होईपर्यंत जवळपास सगळ्याच मुलांना तो होऊन जातो. पण तान्ह्याच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या जराशा सुजल्या, त्यात चिकट स्राव साचला, की हवा जायला जागाच उरत नाही. बाळ दूध ओढेनासं होतं, पोट उडतं, नाकपुड्या फुलतात. मग ऑक्सिजन द्यायचा, नाक मोकळं ठेवायचं, पोटात पाणी जाईल ते पाहायचं आणि वाट बघायची. विषाणूवर रामबाण औषध आमच्या हातात नाही. २०१९ साली जगात पाच वर्षांखालची सुमारे एक लाख मुलं यानं गेली असा अंदाज आहे. त्यातली जवळपास निम्मी सहा महिन्यांच्या आतली होती.

"मग इतकी वर्षं काय करत होतात?" असं तू म्हणणारच. १९६०च्या दशकात अमेरिकेत एक लस करून पाहिली होती. ती घेतलेल्या बाळांना पुढे खरा विषाणू भेटला तेव्हा आजार उलट बळावला, दोन बाळं दगावली. त्या धक्क्यानं हे संशोधन कित्येक वर्षं रखडलं. १९९८ साली पॅलिव्हिझुमॅब आलं, तेही तयार प्रतिपिंडच, पण विषाणू पसरतो त्या हंगामभर दर महिन्याला टोचायचं आणि महागडं. म्हणून ते अपुऱ्या दिवसांच्या किंवा हृदय-फुप्फुसाचा आजार असलेल्या बाळांपुरतंच राहिलं.

खरी गंमत पुढे आहे. पेशीत शिरताना या विषाणूचं एक प्रथिन आपला आकार बदलतं. बदलण्याआधीचा आकार कसा असतो, ते २०१३ साली शास्त्रज्ञ जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडलं. निर्सेव्हिमॅब त्याच आकाराला जाऊन चिकटतं. शिवाय त्याच्या शेपटाकडे असा बदल केलाय की शरीर ते मोडून न टाकता पुन्हा पुन्हा रक्तात सोडतं. त्यामुळे एकच सुई निदान पाच महिने पुरते. युरोपात त्याला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, अमेरिकेत २०२३ मध्ये. स्पेनच्या गालिसिया प्रांतात पहिल्याच हंगामात नव्वद टक्क्यांहून जास्त पात्र बाळांना ते दिलं गेलं, आणि सुई घेतलेल्या बाळांना आरएसव्हीमुळे भरती व्हावं लागण्याचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटला. मला पटवायला एवढं पुरे झालं. खटकतं ते वेगळंच. या आजारानं जाणारी जवळजवळ सगळी मुलं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली, आणि सुई आधी पोचली श्रीमंत देशांत.

आता तुझ्या कामाचं. वहिनींनी गरोदरपणात आरएसव्हीची लस घेतली, आणि ती बाळंतपणाच्या किमान दोन आठवडे आधी झाली, तर त्यांची प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात. मग बहुतेक वेळा बाळाला सुई लागत नाही. म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोल. बाळ हंगामातच जन्मलं तर सुई जन्मल्यावर लगेच देतात, आधी जन्मलं तर हंगामाच्या तोंडावर. पाच किलोच्या आतल्या बाळाला ५० मिलिग्रॅम, त्यावर १००. नेहमीच्या लसींबरोबर दिली तरी चालते. टोचल्या जागी थोडी सूज, कधी अंगावर पुरळ, एवढंच सहसा होतं. गंभीर अ‍ॅलर्जी फार क्वचित.

एवढं करूनही बाळाला सर्दी होईलच बरं का! इतर विषाणूंवर हे चालत नाही. तेव्हा "सुई फुकट गेली" म्हणून मला रात्री दोनला फोन करू नकोस. दूध ओढत नसेल किंवा पोट उडत असेल, तर मात्र मला नाही, सरळ दवाखाना गाठ.

वहिनींची तारीख कोणती ते लिहायला विसरलास. कळव, म्हणजे लस आणि सुई यांपैकी काय सोयीचं ते बघू.

तुझा,
जुना मित्र